कलादालनातलं उन्हाळी शिबिर: साहित्य मोजकं, वेळ भरपूर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. लोकांनी एकत्र येऊन चालवलेलं तुमचं लहानसं कलादालन आहे आणि तिथे पहिल्यांदाच मुलांचं उन्हाळी शिबिर घ्यायचं ठरतंय. ६ ते १२ वयाची साधारण वीस मुलं, पाच दिवस, रोज तीन तास. शिकवायला दोघं जण आणि हाताशी काही स्वयंसेवक. समितीतल्या काही जणांचं म्हणणं, रोज एक नवी वस्तू करून मुलांनी घरी न्यावी, म्हणजे पालक खूश. काहींना शेवटच्या दिवशी स्पर्धा आणि बक्षीस समारंभ हवा आहे. प्रदर्शन लावावं की नाही यावर एकमत होत नाही. आणि दालनात टांगलेल्या मूळ चित्रांच्या आसपास वीस मुलं वावरणार, या कल्पनेनेच तुम्हाला धाकधूक वाटते आहे.

मी बरीच वर्षं मुलांची कला शिबिरं घेते आहे. शाळेच्या वर्गांत, सभागृहांत आणि कलादालनांतही. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. रोज नवी वस्तू नको. स्पर्धा तर अजिबात नको. प्रदर्शन नक्की लावा. आणि ज्या चित्रांमुळे धाकधूक वाटते आहे, त्या चित्रांवरच सगळं शिबिर उभं करा. रंग, कागद आणि शिक्षक कुठल्याही सभागृहात नेता येतात. भिंतीवरची खरी चित्रं फक्त तुमच्याकडे आहेत.

पाच दिवसांत पाच वस्तू हा आराखडा पत्रकात भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. वस्तू तीन तासांत पुरी व्हायलाच हवी, म्हणून मोठी माणसं आदल्या रात्री बसून आकार कापून ठेवतात. मुलांच्या वाट्याला चिकटवणं आणि टिकल्या लावणं एवढंच उरतं. वीस मुलांची वीस घुबडं तयार होतात आणि कुठलं कुणाचं हे मागचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही. एखाद्या मुलाचं घुबड मनासारखं झालं नाही तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करून पाहायची सोय नसते, कारण दुसऱ्या दिवशी मुखवटे असतात. खरं शिकणं घडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी मूल साहित्याशी ओळख करून घेतं: ब्रश किती पाणी धरतो, कागद कधी फाटतो, कोळसा बोटाने कसा पसरतो. दुसऱ्या वेळी आपल्याला काय हवंय हे त्याला सुचायला लागतं. तिसऱ्या वेळी ते हट्टाने तेच मिळवायला बघतं. एवढे प्रयत्न मिळायचे तर साहित्य कमीच ठेवावं लागतं. पाच दिवसांना दोन साहित्यं पुरेत, एक कोरडं आणि एक ओलं. जोडीला कात्री आणि डिंक.

आता चित्रं पाहण्याबद्दल. माझ्या मते शिबिराचा गाभा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोज पहिली वीस मिनिटं एकाच चित्रासमोर जमिनीवर बसायचं. हो, एकाच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात याची मोजणी झाली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद. मुलं याच्या कितीतरी पट थांबतात, फक्त त्यांना पाहायला काहीतरी निमित्त द्यावं लागतं. ‘हे अमुक चित्रकाराचं, तमुक शैलीतलं’ अशी माहिती सांगायला सुरुवात केली की तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. त्याऐवजी विचारायचं.

काय विचारायचं याची एक चांगली पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एके काळी शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी ती मिळून घडवली. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? चित्रात काय दिसलं म्हणून तुला असं वाटलं? अजून काय दिसतंय? बस्स. विचारणाऱ्याने प्रत्येक उत्तर ऐकायचं, चित्रातल्या त्या जागेकडे बोट दाखवायचं, उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. ‘बरोबर’, ‘शाब्बास’, ‘नाही रे’ यांतलं काहीही म्हणायचं नाही. हे न म्हणणं सगळ्यांत अवघड जातं, विशेषतः शिक्षकी पेशातल्यांना. स्वयंसेवकांकडून शिबिराआधी एकदा सराव करून घ्या.

दुसऱ्या प्रश्नात सगळी जादू आहे. एकदा आम्ही एका रस्त्याच्या चित्रासमोर बसलो होतो. करड्या रंगातलं चित्र, दोन्ही बाजूंना घरं, माणूस एकही नाही. सहा-सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “पाऊस येऊन गेलाय.” चित्रात पाऊस नव्हता, ढग नव्हते, छत्री नव्हती. मी विचारलं, “काय दिसलं म्हणून?” तो उठून पुढे आला, एक हात अंतरावर थांबला आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, “रस्त्यात घर उलटं दिसतंय.” खरंच, चित्रकाराने रस्त्यावर दोन-तीन उभे फिके फटकारे मारले होते आणि त्यात खिडकीचा पिवळा ठिपका उलटा उतरला होता. बाकीची सगळी मुलं गुडघ्यांवर उठून पाहायला लागली. मग कुणीतरी शंका काढली, पाऊस थांबलाय तर माणसं बाहेर का आली नाहीत? पुढची दहा मिनिटं मला काही बोलावंच लागलं नाही. आणि त्या दिवशी रंगवताना अर्ध्याहून अधिक मुलांनी जमिनीवर प्रतिबिंबं काढून पाहिली. मी ‘प्रतिबिंब कसं काढायचं’ हे शिकवलेलं नव्हतं.

यासाठी चित्रं निवडताना ज्यात काहीतरी घडतंय आणि ज्याचा एकच अर्थ लागत नाही अशी घ्या. दोन माणसं एकमेकांकडे न बघता बसली आहेत, एक दार अर्धवट उघडं आहे, असं काही. अमूर्त चित्रं टाळू नका. तिथे पहिला प्रश्न थोडा बदला: डोळा आधी कुठे गेला, आणि मग कुठे? मुलं हवेत बोटाने ती वाट काढून दाखवतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. चित्रकाराचं नाव, साल, साहित्य हे सगळं बोलणं संपल्यावर सांगा. तेव्हा त्यांनाच ते हवं असतं.

चित्रांच्या सुरक्षेची तुमची धाकधूक रास्त आहे, पण ती नियमांच्या फलकाने जाणार नाही. मुलांना कारण सांगा. बोटांवर घाम आणि तेलकटपणा असतो, तो रंगावर बसला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि हळूहळू डाग दिसायला लागतो. शाई उडाली तर निघत नाही, म्हणून चित्रांच्या दालनात फक्त पेन्सिल. पाठीवरची दप्तरं बाहेर, कारण वळताना मागचं दप्तर कुठे लागेल हे कुणालाच कळत नाही. चित्रापासून एक हात अंतर, आणि ते पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचा हात पुढे करून मोजायचं. याच्याच जोडीला एक काम आवर्जून करा. बाहेरच्या खोलीत एक ‘हात लावायचं टेबल’ ठेवा. त्यावर कोऱ्या कॅनव्हासचा तुकडा, जाड रंगाचे थर दिलेली फळी, लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड मागून कसं दिसतं ते, भाजलेल्या मातीचं खापर, दगडाचा कोरलेला तुकडा असं काय काय ठेवता येईल. मुलांना स्पर्श हवाच असतो. तो इथे मनसोक्त मिळाला की भिंतीजवळ हात आपोआप मागे राहतात.

पाणी आणि ओले रंग मात्र त्या दालनात नकोतच. तुमच्याकडे एकच मोठी खोली असेल तर शिबिरापुरती एका बाजूची चित्रं उतरवून ठेवा आणि ओलं काम त्या बाजूला घ्या. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, त्यावर जुनी चादर. नुसत्या प्लॅस्टिकवर पाणी सांडलं की पाय घसरतो.

वयाचं अंतर हा दुसरा मोठा प्रश्न. सहा वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल यांना एकाच टेबलावर बसवू नका. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांचे जे टप्पे १९४७ साली मांडले, त्यांवर पुढे बरीच चर्चा झाली, तरी एक गोष्ट प्रत्यक्षात दरवेळी दिसते: साधारण नवव्या वर्षाच्या आसपास मूल बदलतं. त्याआधी ते जे माहीत आहे ते काढतं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, जमीन म्हणजे कागदाच्या तळाशी एक रेघ, आई घरापेक्षा मोठी कारण ती महत्त्वाची. आणि ते स्वतःच्या चित्रावर खूश असतं. नऊच्या पुढे त्याला जसं दिसतं तसं काढायचं असतं, आणि हाताला ते जमत नाही. मग ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य सुरू होतं. लहानांना वास्तवदर्शी चित्रणाचे नियम शिकवू नका; तो भिंतीतून दिसणारा माणूस चुकीचा नाही. मोठ्यांना मात्र ‘तुला हवं तसं काढ’ एवढं सांगून सोडून देऊ नका, त्यांना कौशल्य हवं असतं आणि ते न मिळाल्यामुळेच बरीच मुलं या वयात चित्र काढणं कायमचं सोडून देतात. चित्रांसमोर बसायला दोन्ही गट एकत्र ठेवा, हाताने काम करताना वेगळे.

या मोठ्या गटासाठी दोन गोष्टी हमखास उपयोगी पडतात. पहिली, कागदाकडे न बघता काढायचं रेखाटन. समोर स्वतःचा दुसरा हात किंवा बूट ठेवायचा, डोळा त्याच्या कडेवरून गोगलगायीच्या गतीने फिरवायचा आणि पेन्सिल त्याच गतीने कागदावर. पाच मिनिटं खाली बघायचं नाही. चित्र वेडंवाकडं येणारच, ते सगळ्यांचंच येतं, म्हणून कुणालाच लाज वाटत नाही. पण नीट पाहा, त्या वेड्यावाकड्या रेषेत बोटाच्या पेरावरची सुरकुती नेमकी जागेवर आलेली असते. ती मुलाला दाखवा. दुसरी, एखादं साधं रेखाचित्र उलटं ठेवून पाहून काढणं. उलटं ठेवलं की ‘नाक’, ‘डोळा’ हे शब्द मध्ये येत नाहीत, नुसत्या रेषा आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा दिसतात. ‘मला येत नाही’ म्हणणारं मूल कागद सुलट फिरवतं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पाच दिवसांचा क्रम मी असा लावते. पहिला दिवस फक्त काळा-पांढरा. कोळशाची कांडी, खोडरबर, मोठे कागद. कोळसा यासाठी की त्याने बारीकसारीक काही काढताच येत नाही. हात खांद्यापासून हलतो. आधी पूर्ण कागद काळा करायचा आणि मग रबराने उजेड ‘काढायचा’. उजेडही आपण काढू शकतो हे मुलांना फार आवडतं. घरून जुना मोठा शर्ट आणायला सांगा आणि तो उलटा, बटणं पाठीवर असा घाला.

दुसरा दिवस रंग मिसळण्याचा, आणि इथे घाई अजिबात करू नका. पिवळा, लाल, निळा आणि पांढरा एवढेच द्या. काळा देऊ नका; काळा हाताशी असला की गडद करायला मुलं तोच ओततात आणि दहा मिनिटांत सगळं मळकट होतं. लाल रंगाबाबत एक व्यवहारातली अडचण सांगते. नेहमीचा पोस्टर कलरमधला लाल नारिंगीकडे झुकलेला असतो. तो निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी तपकिरी येतो, आणि तक्त्यात तर ‘लाल अधिक निळा बरोबर जांभळा’ असं लिहिलेलं असतं. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून दोन लाल ठेवा, एक नेहमीचा आणि एक मजेंटा. हा फरक त्यांनाच शोधू द्या.

आणखी एक. मिसळताना नेहमी फिक्या रंगाची छोटी ढीग आधी, त्यात गडद रंग ब्रशच्या टोकाने थोडा थोडा. पिवळ्यात निळ्याचा ठिपका पडला तरी तो लगेच हिरवा होतो, पण निळ्याला हिरवा करायला पिवळ्याची अर्धी बाटली लागते. हे सांगितलं नाही तर रंग दुसऱ्या दिवशीच संपतात. प्रत्येकी पाण्याचे दोन डबे: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात खळबळायचा. शेजारी ओलं टिपायला फडकं. एक चपटा ब्रश, एक गोल, दोन्ही जरा मोठेच. कागद जाड घ्या, निदान २०० ग्रॅमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅम). छपाईचा ८० ग्रॅमचा कागद पाण्याने फुगतो आणि गुंडाळतो. बजेट कमी असेल तर ब्रशच्या संख्येत काटकसर करा, कागदाच्या दर्जात करू नका.

मग मुलांना त्या सकाळी पाहिलेल्या चित्रातला एक रंग निवडून तो तयार करायला सांगा. पूर्ण चित्राची नक्कल नाही, फक्त एक रंग. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मला आठवते, तिने भिंतीवरच्या सावलीचा रंग निवडला. तिला वाटलं करडा, म्हणजे काळा-पांढरा, आणि काळा तर दिलेला नव्हता. तिने निळ्यात पांढरा घातला, आकाश झालं. पुन्हा दालनात जाऊन पाहिलं, परत आली. निळ्यात थोडा लाल, जांभळं झालं. पुन्हा गेली. शेवटी शेजारच्या मुलाच्या ताटलीतला नारिंगी तिच्या निळ्यात चुकून सांडला आणि तिने ढवळला तर करडा. नारिंगी आणि निळा रंगचक्रात समोरासमोरचे रंग, ते एकमेकांचा भडकपणा मारतात, हे तिला नंतर सांगितलं. त्याआधी तिने चौकोनी तुकडा रंगवून त्याखाली लिहून टाकलं होतं: ‘निळा एक चमचा, नारिंगी अर्धा, पांढरा बोटभर.’ असे तुकडे प्रत्येकाने कृतीसकट करायचे आणि एका पट्टीवर चिकटवायचे. शेवटच्या प्रदर्शनात पालक सगळ्यांत जास्त वेळ या रंगपट्टीसमोर उभे राहतात.

त्या दिवशी जाण्याआधी उरलेल्या रंगांनी मोठमोठे कागद नुसते रंगवून वाळत टाका. कुठलंही चित्र नाही, सपाट रंग. तिसऱ्या दिवशी हेच कागद कापायचे. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसने १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पुढची वर्षं असंच काम केलं. मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि तो अंथरुणावर किंवा खुर्चीत बसून कात्रीने थेट आकार कापायचा. लंडनच्या टेट संग्रहातलं ‘गोगलगाय’ हे त्याचं १९५३चं चित्र अशाच फाडलेल्या-कापलेल्या तुकड्यांचं आहे आणि ते जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद आहे. त्याची प्रतिकृती दाखवाल तर मोठेपणा समजावा म्हणून जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा. सगळी मुलं त्यात मावतात. कापताना पेन्सिलीने आधी आखायला मनाई करा. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा, हे सहा वर्षांच्यांना दाखवून द्यावं लागतं. आणि डिंक लगेच देऊ नका. निदान अर्धा तास तुकडे नुसते सरकवू द्या. चिकटवलं की विचार थांबतो.

चौथा दिवस मोकळा. आतापर्यंतचं कुठलंही साहित्य घेऊन प्रत्येकाने स्वतःचं एक मोठं काम करायचं, किंवा आधीचं अपुरं पुढे न्यायचं. या दिवशी शिक्षकाने कमीत कमी बोलावं. काही मुलं पहिला अर्धा तास काहीच करत नाहीत, नुसती फिरतात. फिरू द्या.

माती घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मुलांना ती फार प्रिय असते हे खरं. पण पाच दिवसांत ती वाळत नाही, आणि भट्टी हाताशी नसेल तर वाळलेली वस्तू घरी पोचेपर्यंत तुटते. भाजायचीच असेल तर वस्तू आतून पोकळ हवी, भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड, आणि भट्टीत जाण्याआधी ती पूर्ण वाळलेली हवी. आत ओल राहिली तर वाफ होऊन ती फुटते आणि शेजारच्या मुलाचीही वस्तू घेऊन जाते. पहिल्या वर्षी माती टाळा, किंवा एक तास नुसतं खेळायला द्या आणि परत गोळा करून ठेवा.

बक्षिसांबद्दल मी ठाम आहे, आणि ते केवळ माझं मत म्हणून नव्हे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्र काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. ते त्यांना दिलंही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर ही मुलं चित्र काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवत होती. ज्यांना काही न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाच्या आमिषाने होतो. तुमच्या शिबिरात येणारी मुलं चित्रकला आवडते म्हणूनच येणार आहेत. ती आवड तीन क्रमांकांसाठी पणाला लावू नका. शेवटी सगळ्यांना काही द्यायचंच असेल तर एक चांगला ब्रश द्या, आणि आधी सांगू नका.

कौतुक कसं करावं हेही यातच आलं. ‘वा, छान!’ दिवसातून पन्नास वेळा ऐकलं की मुलाला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा. ‘इथे ब्रश दाबून ओढलास, म्हणून रेघ जाड होत गेली.’ ‘हा कोपरा रिकामा ठेवलास.’ आपण पाहिलं, एवढं मुलाला पुरतं. आणि मुलाच्या कागदावर मोठ्यांचा हात कधीही जाऊ देऊ नका, एका रेषेपुरताही नाही. दाखवायचं असेल तर स्वयंसेवकाने आपल्याकडे रद्दी कागदाची वही ठेवावी आणि त्यावर दाखवावं. पालक प्रदर्शनात येतात तेव्हा मूल ‘हे मी केलं’ म्हणतं. त्यात दुसऱ्याचा हात असेल तर ते त्याला माहीत असतं.

सुरक्षेचं भराभर सांगते, कारण यात मतमतांतराला जागा नाही. मुलांसाठीचे, पाण्याने धुतले जाणारे रंगच घ्या. डब्यावर युरोपातलं ईएन ७१ किंवा अमेरिकेतलं ‘एपी’ हे बिनविषारी असल्याचं चिन्ह पाहा. चित्रकारांसाठीचे तैलरंग, टर्पेंटाइन, कॅडमियम किंवा शिशाचे रंग शिबिरात नकोत. कोरडी रंगाची भुकटी मुलांनी कालवायची नाही, ती श्वासातून जाते. कोळशाच्या चित्रांवर मारायचा फवारा मुलं गेल्यावर, उघड्यावर. मातीचा चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कटर फक्त मोठ्यांच्या हातात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिरांसाठीचं प्रमाण ६ ते ८ वयाच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस आणि ९ ते १४ वयाच्या दहांमागे एक असं आहे. पाणी आणि कात्री आहे म्हटल्यावर मी लहानांसाठी सहामागे एक धरते. ने-आण कोण करणार, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि फोटो काढायला पालकांची हरकत नाही ना, हे नोंदणीच्या वेळीच लेखी घ्या.

पाचवा दिवस मांडणीचा, आणि तोही शिकण्याचाच दिवस आहे. प्रदर्शन मोठ्यांनी रातोरात लावू नये, मुलांनी लावावं. प्रत्येकाने आपल्या सगळ्या कागदांतून दोन निवडायचे: एक आवडतं, आणि एक ज्यात काहीतरी नवीन कळलं. ही दुसरी निवड फार महत्त्वाची. मग ते का निवडलं हे एका चिठ्ठीवर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. लहानांनी सांगायचं, स्वयंसेवकाने जसंच्या तसं उतरवायचं, व्याकरण सुधारायचं नाही. चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव.

दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात, म्हणजे मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही यावेळी तो ११०वर धरा. मोठ्यांना थोडं वाकावं लागेल, वाकू दे. चित्रांच्या भोवती पांढऱ्या कार्डची रुंद पट्टी द्या. साध्या कागदालाही त्याने मान येतो. दोन चित्रांमध्ये हातभर जागा सोडा. भिंत पुरत नसेल तर चित्रं दाटीवाटीने लावण्यापेक्षा प्रत्येकाचं एकच लावा आणि दुसरं टेबलावर फाइलमध्ये ठेवा. कोणतं चित्र कशाशेजारी शोभेल हे जमिनीवर मांडून मुलांनाच ठरवू द्या. वाद होतात, पण ते चांगले वाद असतात: ‘याचा लाल माझ्या लालला मारतोय.’

जमलं तर मुलांची कामं दालनातल्या ज्या चित्रावरून सुचली त्या चित्राच्याच भिंतीवर, पण खालच्या पट्ट्यात लावा. ज्यांची मूळ चित्रं आहेत त्यांना आधी विचारा. बहुतेक चित्रकार आनंदाने हो म्हणतात आणि कधीकधी स्वतः येतातही. आणि पालक आले की भाषणं नकोत. मुलांनी आपापल्या पालकांना एका मूळ चित्रासमोर बसवायचं आणि तेच तीन प्रश्न विचारायचे. मुलं हे काम विलक्षण गंभीरपणे करतात. ‘छान आहे’ म्हणून सुटू पाहणाऱ्या बाबांना ‘काय दिसलं म्हणून?’ असं विचारलं जातं.

चित्रं त्याच संध्याकाळी परत देऊ नका. दोन आठवडे तरी भिंतीवर राहू द्या, म्हणजे मुलं आजी-आजोबांना, मित्रांना घेऊन पुन्हा येतील. उरलेलं सगळं काम, बिघडलेलं आणि अर्धवट धरून, एका मोठ्या फोल्डरमध्ये घालून घरी जाऊ द्या. प्रत्येक कागदामागे नाव, दिवस आणि वरची बाजू दाखवणारा बाण पहिल्या दिवसापासूनच घालायची सवय लावा.

राहिला समितीचा प्रश्न. पालक नाराज होतील ही भीती मला कळते, पण पालक नाराज होतात ते अपेक्षा एक आणि घडलं दुसरं असं झालं की. तेव्हा नोंदणीच्या पत्रकातच मोठ्या अक्षरात छापा: ‘रोज तयार वस्तू घरी येणार नाही. स्पर्धा नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तासभर वेळ काढून दालनात या, तुमचं मूल तुम्हाला एक चित्र दाखवणार आहे.’